बूम स्प्रेयरला हायड्रोलिक फोल्डिंग करून घेतलं: खर्च, फायदा आणि वर्कशॉपवाले जे स्वतःहून सांगत नाहीत ते

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना एवढं लांबलचक वाचायचं नाही त्यांचं काम होईल. हाताने फोल्ड होणाऱ्या जुन्या बूमला, म्हणजे स्प्रेयरच्या नोझल लावलेल्या लांब आडव्या दांड्याला, हायड्रोलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारं फोल्डिंग बसवून घेणं पैसा वसूल काम आहे, पण सिलेंडर बसवला की झालं असं डोक्यात असेल तर थांबा. सिलेंडर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, पैसे मोजले की मिळतो. तेलाचा वेग मारणारं बारीक छिद्र, सिलेंडरच्या अंगावरचं लॉक आणि सांध्यातले बुश (पिनभोवतीच्या धातूच्या नळ्या), या तिन्हीत कुचराई झाली तर आहे तो चांगला बूमसुद्धा एका हंगामात वाकडा होईल. मी पाचपैकी चार स्टार देतोय. एक का कापला ते पुढे येईलच. वर्कशॉपचं नाव टाकणार नाही, कारण माणसं कामाची आहेत आणि काही तक्रारी पण आहेत, उगाच कोणाच्या धंद्यावर नको.

आमच्याकडची परिस्थिती सांगतो, त्यावरून तुमचं तुम्ही ताडून बघा. वाशिम जिल्हा, खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. ट्रॅक्टर ४५ एचपीच्या वर्गातला, मागे थ्री पॉइंटला (अवजार उचलणाऱ्या तीन दांड्यांना) लटकणारा ४०० लिटरचा स्प्रेयर, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालणारा पंप आणि ४० फुटांचा बूम. बूमचे पाच तुकडे, प्रत्येक ८ फुटांचा. मधला फिक्स, त्याच्या दोन्ही बाजूला आतला पंख आणि त्याच्या पुढे बाहेरचा पंख. मूळ कंपनीचं फोल्डिंग म्हणजे खाली उतरा, पिन काढा, बाहेरचा पंख उचलून आतल्यावर पालथा टाका, मग दोन्ही मिळून उभे करा, परत पिन घाला, आणि हेच सगळं दुसऱ्या बाजूला जाऊन करा.

आता कोणी म्हणेल दिवसातून दोनदा उतरायला काय होतं. यूट्यूबवर जे परदेशातले व्हिडिओ बघतो ना, त्यात शंभर-शंभर एकरांचं एक वावर असतं, सकाळी बूम उघडला की संध्याकाळीच बंद. आपल्याकडे दोन-तीन एकराचे तुकडे, मधे धुरा, धुऱ्यावर बाभळी, कोपऱ्यात विहीर, कुठे विजेची डीपी, कुठे पांदण एवढी अरुंद की ट्रॅक्टरच कसाबसा जातो. म्हणजे फोल्डिंगची खरी गरज मोठ्या शेतकऱ्यापेक्षा आपल्यालाच जास्त आहे, कारण आपण दर तुकड्याला बूम उघडतो आणि मिटतो. स्वतःचं झालं की भाऊबंदांचं, मग भाड्याने दुसऱ्याचं, असं करत एका दिवसात किती वेळा पंख वर-खाली होतात ते मोजायची सोय नाही.

पण वेळ वाचतो म्हणून मी हे केलं नाही, खरं कारण वेगळं आहे. फवारणी चालू असताना बूमवर औषधाचा थर बसलेला असतो, नोझलमधून थेंब गळत असतात, आणि तो ओला बूम आपण दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलतो. हातमोजे कितीजण घालतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपल्या शेजारचंच आहे. तिथे बहुतेक पाठीवरचे पंप होते, कपाशी डोक्याएवढी वाढलेली होती, गोष्ट वेगळी आहे हे मान्य. पण औषध अंगाला लागू द्यायचं नाही हे तत्त्व तेच. ट्रॅक्टरवाला सीटवर बसून राहतो आणि फक्त बूम उचलताना भिजतो, तर तेवढं उचलणं बंद झालं पाहिजे. हे डोक्यात पक्कं झाल्यावर मग खर्चाचा विचार केला.

पर्याय तीन होते. पहिला, हँड विंच आणि तार. स्वस्त आहे, बरेच जण वापरतात, पण उतरावं लागतंच आणि हँडल फिरवावं लागतं. दुसरा, १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे मोटरने आत-बाहेर होणारा दांडा. तेल नाही, पाइप नाही, वायर ओढली की काम झालं, हळू चालतो म्हणून झटका पण नाही. मला मनातून हाच आवडला होता, पण पाणी, औषध, धूळ आणि धुऱ्यावरचे हादरे यात स्वस्तातला अ‍ॅक्च्युएटर टिकेल याची हमी कोणी द्यायला तयार नव्हतं, आणि चांगला घ्यायचा तर भाव हायड्रोलिकच्या जवळ जातो. तिसरा, हायड्रोलिक. माझ्या ट्रॅक्टरला पलटी नांगरासाठी डबल अ‍ॅक्टिंग डीसीव्ही, म्हणजे तेल दोन्हीपैकी कोणत्या पाइपाने सोडायचं ते ठरवणारा लिव्हरचा व्हॉल्व्ह, आधीच बसवलेला होता, त्यामुळे अर्धं काम तिथेच झालेलं. ज्यांच्याकडे फक्त ट्रॉली उचलायचा एक टिपिंग पाइप आहे त्यांनी आधी हे बघा. त्या एका पाइपाने तेल जातं आणि वजनाने परत येतं, पंख दोन्हीकडून ढकलायचा-ओढायचा तर दोन पाइप लागतात, म्हणजे डीसीव्हीचा खर्च वेगळा धरायचा.

वर्कशॉप तालुक्याच्या गावात आहे, मूळ काम ट्रॉल्या आणि पलटी नांगर. वेल्डिंग एक नंबर. मिस्त्री जुना माणूस आहे, बूम बघितल्याबरोबर म्हणाला की पहिले सांधे बदलू, मग सिलेंडरचं बोलू. हे ऐकून मी तिथेच राजी झालो, कारण आधी ज्या दुसऱ्या ठिकाणी विचारलं होतं तिथे सरळ टेप लावून सिलेंडरचं माप घ्यायला सुरुवात केली होती. मूळ सांधा म्हणजे दोन पट्ट्यांना भोक आणि त्यात एक बोल्ट, बाकी काही नाही. हाताने उचलताना तो चालतो, कारण हात अंदाज घेतो. सिलेंडर अंदाज घेत नाही, तो ढकलतच राहतो, आणि बोल्ट भोकात खेळायला लागला की शेवटच्या टोकाला पंख वीतभर वर-खाली हलतो. मग नोझलची उंची कसली राखता. त्याने लेथवर बुश काढले, जाड पिन घातल्या, ग्रीस निपल दिले. या कामाला पूर्ण मार्क.

सिलेंडरच्या मापाचा हिशोब थोडा सांगतो कारण इथे लोक हमखास फसतात. वर्कशॉपमध्ये पलटी नांगराचे जुने सिलेंडर पडलेले असतात, ते घासून-पुसून सील बदलून स्वस्तात लावून देतो म्हणतात. नका घेऊ. साधं गणित आहे. ४० मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलेंडरचं क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस सेंटिमीटर, ट्रॅक्टरचा प्रेशर १५० बार धरला तर जवळजवळ १८०० ते १९०० किलोचा जोर होतो. नांगराचा ६३ मिमीचा लावला तर तोच आकडा साडेचार हजार किलोच्या वर जातो. आणि उचलायचं काय आहे, तर पाइप-नोझलसकट २५ किलोचा पंख! लिव्हर कमी मिळते म्हणून जोर वजनाच्या कितीतरी पट लागतो हे खरं, पण माझ्या बूमला ब्रॅकेट नीट जागेवर असेल तर तीन-चारशे किलोत काम होतं, सुरुवातीच्या वाईट कोनात समजा सहा-सातशे. म्हणजे ४० मिमीचा पण जास्तच आहे, ३२ मिमीने आरामात झालं असतं. जोर जास्त असला की फायदा नाही, पंख कशाला अडकला तर सिलेंडर थांबत नाही, सरळ चौकोनी पाइप मोडून टाकतो. मिस्त्रीकडे ३२ चे नव्हते आणि पेरणी जवळ आलेली, म्हणून आतल्या पंखांना ४० चे घेतले, बाहेरच्यांना त्याच्यापेक्षा लहान.

आता मुख्य गोष्ट, आणि एक स्टार इथेच गेला. वेग. ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप दोन-तीन क्विंटलचा नांगर आणि टनावारी ट्रॉली उचलायला बनवलेला आहे, त्याला तुमच्या पंखाची काय किंमत. ४० मिमी बोअर आणि २५० मिमी स्ट्रोक (रॉडचा प्रवास) म्हणजे सिलेंडरमध्ये मावतं किती, तर साधारण ३१४ मिलिलिटर. एका बाजूला एक, दोन्हीकडचे मिळून सव्वासहाशे. मिनिटाला २० लिटर तेल येत असेल तरी सेकंदाला ३३० मिलिलिटर झालं. म्हणजे दोन सेकंदाच्या आत आठ फुटी पंख आडव्याचा उभा. टोक जवळजवळ बारा फुटांचा प्रवास दोन सेकंदात करतं आणि वर जाऊन धाडकन थांबतं. वर्कशॉपने पहिल्यांदा दिलं ते असंच होतं. ट्रायलला लिव्हर ओढला तर पंख असा आदळला की नोझलच्या दोन टोप्या उडून पलीकडच्या टपरीवर गेल्या, आणि मिस्त्री म्हणतो, लिव्हर हळू ओढा ना भाऊ, सवय होईल. नाही होत सवय. डीसीव्हीचा लिव्हर अर्धा धरून वेग सांभाळणं पाच मिनिटं जमतं, दिवसभर धुऱ्यावर नाही जमत, आणि पोराच्या हातात ट्रॅक्टर दिला तर अजिबातच नाही.

यावर उपाय शंभर-दीडशे रुपयांचा आहे, म्हणून तर राग येतो. सिलेंडरच्या दोन्ही तोंडांना रिस्ट्रिक्टर बसवायचा, म्हणजे निपलच्या आत एक मिलिमीटरच्या आतबाहेरचं बारीक छिद्र. मी भांडून बसवून घेतले. पहिले एक मिलिमीटरचे घातले, तेव्हा पण जरा वेगच वाटला, मग ०.८ चे घातले. आता पंख सात-आठ सेकंदात सावकाश उठतो, वर जाऊन आवाज न करता टेकतो. दोन्ही तोंडांना का, तर पंख मधला टप्पा ओलांडून गेला की पुढे वजनच त्याला ओढतं. बाहेरचा पंख आतल्यावर पालथा पडताना तर हे हमखास होतं, अर्ध्या वाटेपर्यंत सिलेंडर ढकलतो आणि पुढच्या अर्ध्यात पंखच सिलेंडरला ओढत नेतो. बाहेर पडणारं तेल अडवलं नाही तर तो धाडकन पडणारच. छिद्र एवढं बारीक असलं की तेलातला कचरा अडकतो हे खरं, म्हणून कपलरच्या (पाइप जोडायच्या तोंडांच्या) टोप्या लावून ठेवायच्या आणि पलटी काढून स्प्रेयर जोडताना फडक्याने पुसल्याशिवाय कपलर घालायचा नाही. आणि हो, पंख पूर्ण वर गेल्यावर लिव्हर सोडून द्यायचा. पंप कण्हायला लागला म्हणजे तेल रिलीफवरून (जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हवरून) जातंय आणि फुकट तापतंय.

लॉकचं सांगतो. डीसीव्हीचा लिव्हर मधे सोडला म्हणजे तेल अडलं असं आपल्याला वाटतं, पण स्पूलमधून (व्हॉल्व्हच्या आतल्या सरकत्या दांड्याच्या फटीतून) थोडं-थोडं झिरपतंच, ट्रॅक्टर जुना असेल तर जास्तच. सकाळी उभा केलेला पंख दुपारी गावातून जाताना तिरपा झालेला दिसला तर समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचं काय होईल विचार करा. पायलट चेक व्हॉल्व्ह, म्हणजे लिव्हर ओढल्याशिवाय तेल परत न सोडणारं लॉक, बसवा, आणि तो सिलेंडरच्या अंगावरच पाहिजे, ट्रॅक्टरच्या बाजूला नको. ट्रॅक्टरकडे असला आणि मधला पाइप फुटला तर व्हॉल्व्ह असून नसल्यासारखाच, पंख खाली. माझ्याकडे सिलेंडरवर बसवलेत, तरी रस्त्यावर निघताना एक लोखंडी पिन घालतोच. त्यासाठी उतरावं लागतं, पण ते दिवसातून दोनदा, चालेल.

दोन्ही बाजूचे सिलेंडर एकाच लाइनवर टाकले की ते सोबत उठत नाहीत, हे बऱ्याच जणांना बसवल्यावर कळतं. तेल सोप्या वाटेने जातं. ज्या बाजूचा पंख किंचित हलका किंवा ज्याचा बुश मोकळा, तो आधी उठतो, तो पूर्ण झाला की मग दुसरा. उतारावर तर खालच्या-वरच्या बाजूचा फरक डोळ्यांना दिसतो. रिस्ट्रिक्टर घातल्यावर हे बरंच कमी होतं, पण पूर्ण जात नाही, आणि मला त्याचा त्रास पण नाही. त्रास वेगळाच आहे. धुऱ्यावर बाभूळ डाव्या बाजूला असते, तेव्हा मला फक्त डावा पंख वर पाहिजे, उजवा फवारत राहिला पाहिजे. एका लाइनवर हे होत नाही. कंपनीच्या महाग मशीनला प्रत्येक पंखाला वेगळा सोलेनॉइड (विजेच्या बटणावर चालणारा व्हॉल्व्ह) असतो. आपल्याला स्वस्तात करायचं तर प्रत्येक बाजूच्या लाइनला एकेक हाय प्रेशरचा बॉल व्हॉल्व्ह टाका आणि सीटवरून हात पोचेल असा ठेवा. पाण्याच्या नळाचा कॉक नाही बरं का, हायड्रोलिकचाच. हे मी नंतर टाकून घेतलं आणि आता वाटतं की पूर्ण कामात सगळ्यात जास्त वापर याचाच होतो.

बाहेरच्या पंखासाठी वेगळा डीसीव्ही घेण्याऐवजी मिस्त्रीने डायव्हर्टर सुचवला. तो असा की एकच लिव्हर, पण १२ व्होल्टचं बटण दाबलं की तेल आतल्या सिलेंडरऐवजी बाहेरच्याला जातं. चांगली सोय आहे, ट्रॅक्टरपर्यंत चारऐवजी दोनच पाइप येतात. पण यात क्रम पाळावा लागतो आणि क्रम चुकला तर थांबवणारं काही नाही. मिटताना आधी बाहेरचा पंख आतल्यावर घ्यायचा, मग दोन्ही मिळून उभे. उलट केलं तर १६ फुटांचा सरळ पंख एकदम उभा राहायला जातो. आतला १५ किलोचा आणि बाहेरचा १० किलोचा धरा, दुमडलेला असेल तर सांध्यावर २५ किलो ४ फुटांवर, म्हणजे १००. सरळ असेल तर आतल्याचे ६० आणि बाहेरच्याचे १० गुणिले १२ म्हणजे १२०, एकूण १८०. जवळजवळ दुप्पट ताण. आणि उंची? सांधाच जमिनीपासून चार फुटांवर, त्यात १६ मिळवा, वीस फूट. आपल्या वावरातल्या तारा किती खाली लोंबलेल्या असतात ते मी सांगायची गरज नाही. हाताने फोल्ड करताना माणूस वर बघतो, लिव्हर ओढताना मागे बघतो, वर बघत नाही. हायड्रोलिकमुळे एक नवीन धोका आला तो हा. बरोबर क्रमाने केलं तरी बारा फुटांपर्यंत टोक जातंच, त्यामुळे तारेखाली आणि डीपीजवळ बूम मिटायचा-उघडायचा नाही म्हणजे नाही. मी डॅशबोर्डवर पेंटने मोठं लिहून ठेवलंय, आधी बाहेरचा, आणि वर बघ.

डायव्हर्टरची वायरिंग मात्र यांनी साधी टेप गुंडाळून केली होती. पहिल्या पावसातच बटण दाबलं की कधी चालायचं कधी नाही. हे काम गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून परत करून घेतलं, फ्यूज आणि वॉटरप्रूफ कनेक्टर टाकून. लोखंडात ज्यांचा हात बसलाय त्यांना वायरमध्ये रस नसतो, हे गृहीतच धरा.

१८० अंशाचं पण एक सांगायचं राहिलं. आतला पंख फक्त ९० अंश फिरतो, तिथे सिलेंडर सरळ ब्रॅकेटला लावला तरी चालतो. बाहेरचा पूर्ण पालथा पडतो, तिथे सरळ लावलेला सिलेंडर मधेच सांध्याच्या रेषेत येऊन अडकतो, ना पुढे ना मागे. त्याला मधे दोन पट्ट्यांची लिंक लागते. मिस्त्रीने आधी पुठ्ठ्याचं मॉडेल कापून, टाचणी लावून फिरवून बघितलं आणि मग प्लेट कापल्या. असा माणूस भेटला तर दोन पैसे जास्त द्या.

सिलेंडर सांध्याच्या वर लावायचा की खाली, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. वर लावला तर पंख उघडा असताना, म्हणजे ऐन फवारणीत, रॉड बाहेर असतो आणि त्यावर औषध-धूळ बसते, मग तीच घाण सील खाते. खाली लावला तर फवारताना रॉड आत सुरक्षित राहतो, पण पिकात अडकतो, आणि सोयाबीन कंबरेला लागलं की खालचं सगळं तोडत जातं. शेवटी वर लावला. ओढताना रॉडच्या बाजूचं क्षेत्रफळ कमी मिळतं म्हणून जोर कमी होतो, पण वर म्हटलं तसं जोर आपल्याकडे उतू चाललाय. रॉडला रबरी बूट घातलाय आणि संध्याकाळी टाकी धुताना रॉडवर पण साधं पाणी मारतो. आतापर्यंत सील गळलेलं नाही.

अजून एक बारकी पण लय महत्त्वाची गोष्ट. हाताने फोल्ड होणारा पंख धुऱ्यावर चाक चढलं, टोक जमिनीला लागलं, तर थोडा वर उचलला जाऊन परत खाली येतो. सिलेंडर लागला की तो कडक होतो, मग टोक जमिनीला लागलं की सगळा मार सांध्यावर आणि ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर. म्हणून रॉडच्या टोकाला गोल भोकाऐवजी लांबट भोक करून घ्या, दोन-अडीच इंचाचं, म्हणजे पंख तेवढा स्वतःहून वर उठू शकतो. आणि बाहेरच्या पंखाला अडथळा लागला की मागे वळणारी स्प्रिंग असते, ती काढून टाकायची कुणाला परवानगी देऊ नका. आमच्याकडे जागा होत नाही म्हणून काढायला निघाले होते.

पाइपांचं थोडक्यात. हायड्रोलिक पाइप पाव इंची पुरतो, जाड लावून उपयोग नाही, वजनच वाढतं. सांध्याजवळ ढील ठेवून, वरून स्पायरल गुंडाळून घ्या, नाहीतर पंख मिटताना पाइप मधे चेपतो. औषधाच्या रबरी पाइपचं पण तेच, तो मुडपला की पलीकडची नोझल बंद पडतात आणि तुम्हाला पाच ओळी पुढे गेल्यावर कळतं. नोझलला अँटीड्रिप (फवारणी बंद केली की गळती थांबवणारे छोटे व्हॉल्व्ह) नसतील तर आधी ते बसवा, कारण उभ्या पंखातलं उरलेलं औषध खालच्या नोझलमधून टाकीवर आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर गळतं, मग हात वाचवून उपयोग काय. आणि हायड्रोलिक तेल कुठे गळतंय हे बोटाने चाचपून बघू नका. १५० बारचं तेल बारीक छिद्रातून कातडीत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट जाऊ शकतं. पुठ्ठा धरून बघा.

वापरताना लक्षात आलेलं आणखी एक, बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये लिफ्ट (मागचं अवजार वर-खाली करणारी) आणि डीसीव्हीला एकच पंप असतो. मी डीसीव्हीचा लिव्हर धरला की तेवढा वेळ लिफ्ट ऐकत नाही. धुऱ्यावर बूम वर घ्यायचाय आणि पंख पण मिटायचाय असं दोन्ही एकदम होत नाही. आधी लिफ्ट, मग पंख. दोन दिवसात अंगवळणी पडतं.

वजन साधारण ४० किलोने वाढलं असेल. टाकी भरली की ४०० किलो पाणी, फ्रेम वेगळी, आणि सगळं मागे. आधीच धुरा चढताना पुढची चाकं हलकी वाटायची, आता पुढे वजनाच्या प्लेटा वाढवल्यात.

खर्चाचं विचारणार सगळे. माझं सगळं धरून तीस हजारांच्या आतबाहेर गेलं. डीसीव्ही आधीच होता, तो धरलेला नाही. चार सिलेंडर आणि डायव्हर्टरलाच अर्ध्याहून जास्त गेले, मग पाइप-फिटिंग, मग मजुरी. बजेट कमी असेल तर फक्त आतल्या पंखांना दोन सिलेंडर लावा आणि बाहेरचा हातानेच टाका, खर्च जवळपास अर्ध्यावर येईल, पण मग ओल्या बूमला हात लागणारच, म्हणजे माझ्या हिशोबाने मूळ कारणच राहिलं. त्यापेक्षा विंचवर अजून एक वर्ष काढा आणि पूर्ण करा. ज्यांना स्प्रेयर नवीनच घ्यायचाय त्यांनी तर हायड्रोलिक फोल्डिंगवालाच बघावा, फरकाचे पैसे वर्कशॉपच्या खर्चाएवढेच निघाले तर कंपनीचा बरा, स्पेअर तरी मिळतात. आणि नवीन स्प्रेयर गॅरंटीत असेल तर वेल्डिंग मारायच्या आधी डीलरला विचारा.

ड्रोनचं पण कोणीतरी विचारेलच. ड्रोन दहा लिटरमध्ये एकर करतो, चिखलात चालतो, पीक तुडवत नाही, सगळं बरोबर. पण आमच्याकडे पट्टापेर आहे, चाकासाठी ओळी रिकाम्या सोडलेल्याच असतात, आणि चक्रीभुंगा असो की हरभऱ्यावरची घाटेअळी, पाणी भरपूर पडून झाड नीट भिजलेलं मला डोळ्यांना दिसावं लागतं. ज्याचा त्याचा विश्वास.

एक खरीप आणि एक रब्बी वापरून झालं. सांध्यातला खेळ अजून नाही, उजव्या बाजूचं एक फिटिंग पाझरत होतं ते आवळलं. आधी बूमसोबत एक गडी लागायचाच, आता मी एकटा जातो, आणि पोरगा पण चालवतो. वर्कशॉपने मागितल्याशिवाय रिस्ट्रिक्टर दिले नाहीत, वायरिंग कच्ची केली आणि सांगितलेल्या तारखेपेक्षा आठवडाभर उशीर केला, म्हणून तो एक स्टार कापलेला. वेल्डिंग, बुश आणि लिंकसाठी चार. कोणी करून घेणार असाल तर उन्हाळ्यातच गाडी लावा, मृगाच्या तोंडावर गेलात तर सगळी वर्कशॉप पेरणीयंत्रांनी भरलेली असतात आणि मग घाईत जे उरलंय ते सिलेंडर तुमच्या गळ्यात पडतात.